आजीच्या फडताळातली साखरदाणी: फेकायची, विकायची की वापरायची?

इन्स्टाग्राम उघडलं की हल्ली एक रील हमखास समोर येतं. जुन्या बाजारातून आणलेली चिनी मातीची साखरदाणी, तिच्या तळाला ड्रिलने पाडलेलं भोक, आत माती आणि वर हिरवंगार सक्युलंट. खाली कमेंट्समध्ये सगळे विचारतात, ‘कुठे मिळाली?’

मे महिन्यात मालवणला आजीकडे गेले तेव्हा हेच रील माझ्या डोक्यात होतं. जुनं घर उतरवून नवीन बांधायचं ठरलं होतं आणि माजघरातलं भिंतीतलं फडताळ रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं होतं.

फडताळात काय नव्हतं? लोणच्याचे सट, काचेच्या बरण्या, कंदिलाच्या चिमण्या. आणि सगळ्यात मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक साखरदाणी. दोन कान, झाकणावर छोटी गुंडी, अंगावर निळी फुलं आणि काठाला अर्धीअधिक उडालेली सोनेरी रेघ. सोबत पाच कप, सहा बशा आणि दांडा तुटलेला दुधाचा जग.

खरं तर साखरदाण्या दोन होत्या. दुसरीला झाकण नव्हतं, म्हणून मी ती सकाळीच फुटक्या कौलांच्या ढिगावर ठेवून दिली होती. दुपारी झाकण सापडलं. तोवर डबर भरून ट्रॅक्टर निघून गेला होता.

उरलेली एक घेऊन आजीकडे गेले आणि विचारलं, यात झाड लावू का? आजी म्हणाली, “चेडवा, ता पावण्यांचा भांडा. घरातल्यांचा न्हय.”

त्या एका वाक्यावरून बोलणं सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. एवढ्याशा भांड्यात चहाचा, साखरेचा, मुंबईच्या चाकरीचा आणि आपल्या घरातल्या काही न बोलल्या जाणाऱ्या गोष्टींचा इतिहास असतो, हे तेव्हा कळलं. तुमच्याही घरात असं एखादं भांडं असेल, तर त्याला भोक पाडण्याआधी हे वाचा.

साखरेसाठी वेगळं भांडं लागलंच कशाला?

युरोपात चहा पिणं ही श्रीमंतांची चैन होती तेव्हा साखरही महाग होती. ती आजच्यासारखी सुटी मिळत नसे. शंकूच्या आकाराच्या घट्ट ढेपा असत. त्या छोट्या अडकित्त्यासारख्या चिमट्याने फोडायच्या आणि ते खडे टेबलावर मांडायचे. म्हणूनच जुन्या विलायती साखरदाण्या आपल्याला उगाचच मोठ्या वाटतात. त्यात खडे मावायला हवेत, हे त्यामागचं साधं कारण.

साखरेचे एकसारखे चौकोनी तुकडे पाडण्याची पद्धत १८४३ साली आली. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या दाचित्से गावच्या साखर कारखान्याचा व्यवस्थापक याकुब क्रिस्तोफ राड याने तिचं पेटंट घेतलं. पुढे सुटी दाणेदार साखर सर्रास मिळू लागली, चिमट्याची जागा चमच्याने घेतली आणि साखरदाणीही लहान झाली. काहींच्या झाकणाला एक छोटी खाच दिसते, ती चमच्याच्या दांडीसाठी.

या भांड्याचा एक धागा थेट भारताशी जोडलेला आहे. ब्रिटनमध्ये विकली जाणारी साखर बहुतांशी वेस्ट इंडीजमधून यायची. तिथल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. त्याचा निषेध म्हणून १७९१-९२ मध्ये तिथल्या हजारो कुटुंबांनी ही साखर सोडली. १८२० च्या दशकात मोहीम पुन्हा जोरात आली. तेव्हा ‘ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी बनवलेली नाही’ अशा अर्थाचा मजकूर असलेल्या साखरदाण्या बाजारात आल्या. तसं एक निळ्या काचेचं भांडं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

म्हणजे पाहुण्यासमोर साखर ठेवताना आपण कोणत्या बाजूचे आहोत हेही सांगितलं जायचं. अर्थात, भारतातल्या शेतकऱ्याची आणि मजुराची परिस्थिती कशी होती, हा प्रश्न त्या भांड्यावर लिहिलेला नव्हता.

मालवणच्या किनाऱ्यावर चिनी माती आली कशी?

चिनी मातीची भांडी आपल्याकडे इंग्रजांनी आणली, असा एक समज असतो. पण या किनाऱ्याची तिच्याशी ओळख त्याहून बरीच जुनी आहे.

गोव्याजवळ सुंची रीफ नावाचा खडक समुद्रात आहे. तिथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सतराव्या शतकातल्या एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष मिळाले. त्यात तोफा आणि हस्तिदंताबरोबर चिनी भांड्यांचे तुकडेही होते. इकडे वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातच डचांनी वखार घातली. तिचे अवशेष आजही उभे आहेत. आणि त्या काळात युरोपात चिनी पोर्सलीन पोचवणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्यांत डच ईस्ट इंडिया कंपनी होती.

पण ही भांडी या किनाऱ्यावरून पुढे जात होती. सामान्य घराच्या फडताळात ती आली ती फार नंतर, आणि मुंबईमार्गे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या वाढल्या आणि जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून माणसं गिरणगावात जाऊ लागली. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला १९८१ मध्ये, त्याआधी मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली १९९८ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी मुंबईहून यायचं तर बोट होती. आगबोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत यायची. मोठी बोट धक्क्याला लागत नसे. मग होडीतून माणसं आणि ट्रंका किनाऱ्यावर उतरायच्या.

गणपतीला किंवा शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेत कपडे, मिठाई आणि कधीतरी ‘टी-सेट’ असायचा. आजीच्या सांगण्यानुसार आमची साखरदाणी तिच्या सासऱ्यांनी अशीच आणली. धोतरांच्या घड्यांमध्ये गुंडाळून. येताना एक बशी फुटली असती, पण फुटला कप. म्हणून सहा बशा आणि पाच कप, असं मी समजले. खरं कारण वेगळं होतं. त्यावर पुढे येते.

याच काळात चहा गावोगाव पोचवण्याचा पद्धतशीर प्रयत्न चालू होता. १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसला आणि त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३० च्या दशकात तर ठिकठिकाणी चहा करून दाखवणं, फुकट वाटणं असे प्रकार झाले. चहा आला, तशी कपबशी आली. आणि कपबशीसोबत आली साखरदाणी.

एक गंमत म्हणजे, ज्या पांढऱ्या मातीपासून पोर्सलीन बनतं, त्या केओलिनचे साठे खुद्द सिंधुदुर्ग जिल्ह्यातही आहेत. ‘केओलिन’ हे नाव मात्र चीनमधल्या जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग या जागेवरून पडलं.

मग ही भांडी स्वयंपाकघरात का नव्हती?

आमची साखरदाणी माजघरातल्या फडताळात होती, चुलीजवळ कधीच नाही. मला वाटलं, फुटू नये म्हणून. आजी म्हणाली, तिच्या सासूला ती आत चालत नसे.

पितळेचं किंवा तांब्याचं भांडं घासून, विस्तवावर धरून ‘शुद्ध’ करता येतं, मातीचं येत नाही, अशी सोवळ्याची समजूत होती. चिनी माती त्याच रांगेत. त्यातून ती परदेशातून आलेली, कोणाच्या हातची कोणास ठाऊक.

आज हे किरकोळ वाटेल, पण या कपांवरून महाराष्ट्रात मोठं वादळ झालं होतं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली मोठी मंडळी गेली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही त्यात होते. तिथे चहा-बिस्किटं दिली गेली. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर राहिलेल्यांची नावं जाहीर केली, प्रकरण धर्मपीठापर्यंत गेलं आणि प्रायश्चित्ताचा वाद काही वर्षं चालला. इतिहासात ते ‘पंचहौद मिशन चहा प्रकरण’ किंवा ‘ग्रामण्य’ म्हणून ओळखलं जातं.

भांड्यात जायची ती साखरही वादातून सुटली नव्हती. परदेशी पांढऱ्या साखरेला आपल्याकडे ‘मोरस साखर’ म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. ती शुद्ध करताना हाडांचा कोळसा वापरतात, हे कळल्यावर अनेक घरांनी ती वर्ज्य केली. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत विलायती कापडाबरोबर विलायती साखरेवरही बहिष्कार होता.

थोडक्यात, चिनी माती संशयित आणि साखरही संशयित. तरी पन्नासेक वर्षांत दोन्ही मिळून पाहुणचाराची खूण झाली. रोजच्या चहात गूळ असायचा. साखर यायची ती पाहुणा आला की. आजीच्या ‘पावण्यांचा भांडा’चा अर्थ हा.

आता त्या सहाव्या कपाबद्दल.

तो फुटला नव्हता. आजीने हे बराच वेळ सांगितलं नाही. मग म्हणाली, “तो कप भायर असायचो. पडवेच्या वाशाक.” खळं करायला, भात झोडायला येणाऱ्या काही माणसांना चहा त्याच कपातून मिळायचा. तो त्यांनीच धुवायचा आणि पुन्हा वाशाला अडकवायचा. बशी त्यांना देत नसत, म्हणून बशा सहा राहिल्या. ही माणसं कोण होती हे तिने सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज पडली नाही.

वेगळी कपबशी ही फक्त आमच्या घरातली गोष्ट नाही. महाराष्ट्रातल्या गावागावांत, चहाच्या हॉटेलांतही ती होती. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली, पण पडवीतला कप त्यानंतरही बराच काळ तिथेच राहिला. दलित आत्मकथनांमध्ये त्याच्या नोंदी आहेत. भांडी जमवणाऱ्यांच्या याद्यांमध्ये त्या शोधून सापडणार नाहीत. तिथे लिहिलेलं असतं ‘अपूर्ण सेट’.

तळाचा शिक्का कसा वाचायचा?

साखरदाणी उलटी करा. (झाकण आधी काढून ठेवा, अनेक झाकणं इथेच फुटतात.) तळाला शिक्का असेल तर बरीच माहिती मिळते.

• फक्त ‘इंग्लंड’: बहुधा १८९१ नंतरचं. अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्याने मालावर देशाचं नाव लिहिणं बंधनकारक केलं, तेव्हापासून ही प्रथा रुळली. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुतेक वेळा विसाव्या शतकातलं.

• ‘आरडी नंबर’ आणि पुढे आकडा: ही ब्रिटनमधली डिझाइनची नोंदणी. १८८४ मध्ये एकपासून सुरू झाली आणि १९०० पर्यंत साडेतीन लाखांच्या आसपास गेली. लक्षात ठेवा, हे वर्ष नक्षीच्या नोंदणीचं आहे. भांडं त्यानंतर कधीही बनलेलं असू शकतं.

• चौकटच्या पत्त्यासारखा शिक्का, कोपऱ्यांत अक्षरं आणि आकडे: १८४२ ते १८८३ या काळातली ब्रिटिश नोंदणी.

• ‘निप्पॉन’: साधारण १९२१ पूर्वीचं जपानी. त्यानंतर ‘जपान’ लिहिलं जाऊ लागलं. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरचं, १९५२ पर्यंतचं.

• ‘चेकोस्लोव्हाकिया’: १९१८ नंतरचं, कारण त्याआधी तो देशच नव्हता.

• भारतीय नावं: कलकत्त्याची बंगाल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज यांचा माल देशभर जायचा. लोणच्याच्या तपकिरी-पांढऱ्या सटांसाठी प्रसिद्ध झालेली सौराष्ट्रातली परशुराम पॉटरी परशुराम गणपुले या मराठी माणसाने उभी केली.

या सगळ्या खुणा अंदाजासाठी आहेत. देशाचं नाव लिहायचा नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालासाठी होता, भारतात येणाऱ्या मालावर तो लागू नव्हता. शिवाय जुन्या चिनी सम्राटांच्या नावाचे शिक्के नंतरच्या काळात चीनमध्येच सर्रास मारले गेले. त्यामुळे नुसत्या शिक्क्यावरून ‘तीनशे वर्षं जुनं’ असं कोणी सांगत असेल तर हात आखडता घ्या.

शिक्का नसेल तरी निराश होऊ नका. सेटमध्ये अनेकदा सगळ्याच भांड्यांवर शिक्का नसायचा. बशीचा तळ पाहा.

पोर्सलीन, बोन चायना की साधी माती?

आपण सगळ्यालाच ‘चिनी माती’ म्हणतो, पण प्रकार वेगवेगळे आहेत आणि वापर त्यावर ठरतो.

पोर्सलीन हे केओलिन वापरून, १२०० ते १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेलं असतं. माती अंगातूनच काचेसारखी घट्ट होते, पाणी शोषत नाही. युरोपला हे गुपित उलगडायला अठरावं शतक उजाडलं. जर्मनीतल्या माइसेनचा कारखाना सुरू झाला १७१० मध्ये.

बोन चायना नावाप्रमाणेच हाडांचं. गुरांच्या हाडांची राख त्यात जवळपास निम्मी असते. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस ते रुळलं. मोरस साखरेत हाडं म्हणून नाक मुरडणाऱ्या काही घरांत पुढे बोन चायनाचा सेट मानाने मिरवला गेला असेल, हे लक्षात घेतलं की सोवळं-ओवळं किती सोयीनं बदलतं ते कळतं.

तिसरा प्रकार म्हणजे वरून चकचकीत, पण आतून सच्छिद्र माती. इंग्लंडमधून आलेला स्वस्त माल बराचसा हाच. निळ्या रंगातला पूल, झाड आणि दोन पक्षी असलेली ‘विलो’ नक्षी तुम्ही पाहिली असेल. दिसायला चिनी, पण ती इंग्लंडमध्येच तयार झाली आणि छापून भांड्यांवर उतरवली गेली.

ओळखायचं कसं? मोबाइलचा टॉर्च आतून लावा. पोर्सलीन आणि बोन चायनातून उजेड पाझरतो, साध्या मातीतून नाही. नखाने हलकेच टिचकी मारा. पोर्सलीन खणखणीत वाजतं, माती बद्द. काठाला टवका उडाला असेल तर आतला रंग पाहा. पिवळट आणि खडबडीत असेल तर माती.

आमच्या साखरदाणीतून उजेड आला नाही. म्हणजे घरात तीन पिढ्या ‘खरं पोर्सलीन’ म्हणून जपलेलं भांडं साधं मातीचं निघालं. आजीला सांगितलं तर ती हसली.

यात खाण्याचं ठेवायचं का?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि रील्समध्ये तो नसतो.

जुन्या भांड्यांवरच्या काचेसारख्या थरात, म्हणजे ग्लेझमध्ये, शिसं वापरलं जायचं. त्याने थर लवकर वितळतो आणि चमक चांगली येते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधले कामगार या शिशाने आजारी पडत. लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांत कॅडमियमही असू शकतं.

चांगला भाजलेला, अखंड थर शिसं सहसा धरून ठेवतो. प्रश्न येतो तीन गोष्टींमुळे: आंबट पदार्थ, उष्णता आणि जास्त वेळ. थराला केसासारखे बारीक तडे गेले असतील किंवा वरची नक्षी झिजली असेल, तर धोका वाढतो. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी शिसं विशेष घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही.

आता कोकणातल्या घरात काय असतं ते आठवा. कोकमाचं आगळ, आमसुलं, लिंबाचं लोणचं, सोलकढी, दही. सगळं आंबट. यातलं काहीही जुन्या साखरदाणीत ठेवू नका. ‘छोटी छान बरणी आहे, लोणचं काढून ठेवू’ हा मोह टाळा.

कोरडी साखर त्या मानाने कमी धोक्याची. पण मालवणच्या पावसाळ्यात साखर कोरडी राहत नाही. आजीच्या भाषेत, “पावसात पाणी सुटता.” म्हणून तिच्या घरातही साखर डब्यातच असायची. पाहुणा आला की साखरदाणीत काढायची, गेला की परत डब्यात. नकळत का होईना, पण ही पद्धत सुरक्षित होती.

भांडं रोज वापरायचंच असेल तर प्रयोगशाळेत तपासून घ्या. घरच्या घरी रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात, पण त्यांच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

धुवायची कशी?

बादलीत किंवा सिंकमध्ये आधी जाड टॉवेल अंथरा. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ कापड. झालं.

राख, चिंच, तारेची घासणी नको, सोनेरी रेघ सगळ्यात आधी जाते. ब्लीचही नको. ते बारीक तड्यांतून आत शिरतं आणि थर सुटू लागतो. उकळतं पाणी एकदम ओतू नका. सोनेरी काठाचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये कधीच नको. जुन्या काळी फुटलेलं भांडं धातूच्या छोट्या टाक्यांनी जोडत. तसे टाके दिसले तर भिजत घालू नका, आतून गंजतात. टाके काढूही नका. भांडं फेकण्यापेक्षा कोणीतरी जोडून घेतलं, याची ती खूण आहे.

किनाऱ्यावरच्या घरांसाठी एक गोष्ट. झाकण घट्ट लावून महिनोन्महिने ठेवू नका, आत दमट वास धरतो. झाकण आणि भांडं यांच्यामध्ये कागदाची घडी ठेवा.

मग तिचं करायचं काय?

नियम एकच: पुन्हा मूळ रूपात आणता येईल असाच वापर करा.

झाड लावायचंच असेल तर भोक न पाडता लावा. छोट्या प्लास्टिकच्या कुंडीत झाड आणि ती कुंडी साखरदाणीत. पाणी घालताना बाहेर काढायची. भोक पाडताना भांडं तडकण्याची शक्यता असते आणि तळाचा शिक्का जातो तो जातोच.

सुई-दोरा, बटणं, किल्ल्या, पुढच्या वर्षीसाठी पाकिटातलं भाजीचं बियाणं, यासाठी ती उत्तम. झाकण हरवलेली असेल तर पेन किंवा रंगाचे ब्रश. आत थेट मेणबत्ती लावू नका, एका जागी तापून तडा जाऊ शकतो.

आणि फुटलीच तर? तुकडे फेकू नका. फुटक्या चिनीचे तुकडे चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवून केलेल्या जमिनी आणि गच्च्या आपल्याकडे नवीन नाहीत, त्याला ‘चायना मोझॅक’ म्हणतात. चंदीगडमध्ये नेकचंद यांनी टाकाऊ कपबश्या आणि बांगड्यांतून अख्खं रॉक गार्डन उभं केलं, ते १९७६ मध्ये लोकांसाठी खुलं झालं.

जपानमध्ये फुटलेलं भांडं लाखेसारख्या चिकाने जोडून सांध्यावर सोन्याची पूड लावतात, त्याला किन्त्सुगी म्हणतात. तो चीक उरुशी नावाच्या झाडाचा असतो. आपल्या सावंतवाडीच्या लाखकामातली लाख किड्यापासून मिळते, ती वेगळी. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच ‘किन्त्सुगी किट’मध्ये इपॉक्सी आणि सोनेरी रंग असतो. शोभेसाठी ठीक, पण त्यात खाऊ नका.

विकायची असेल तर?

एकटी साखरदाणी, टवका उडालेली, झाकण बदललेलं, अशा भांड्याला मोठी किंमत येईल अशी अपेक्षा ठेवू नका. किंमत ठरते ती सेट पूर्ण आहे का, थर अखंड आहे का आणि कारखाना कोणता यावर. मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर अशी भांडी वर्षानुवर्षं विकली जातात. विकण्याआधी दोन-तीन ठिकाणी विचारा आणि शिक्क्याचे फोटो स्वतःजवळ ठेवा.

कायदाही माहीत हवा. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ नुसार, कला किंवा कारागिरीची शंभर वर्षांहून जुनी वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते. अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातल्या भावंडाला आठवण म्हणून पाठवणार असाल, तर भांडं तितकं जुनं नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्या.

आमच्या साखरदाणीचं काय झालं?

तिला भोक पाडलं नाही. ती आता माझ्या पुण्याच्या खोलीत आहे. आत बटणं आहेत आणि एक चिठ्ठी.

चिठ्ठीत मी लिहिलंय: कोणी आणली, कुठून आणली, बोटीने आणली. मातीची आहे, पोर्सलीन नाही. सेटमध्ये कप सहा होते. सहावा पडवीत असायचा आणि का असायचा.

शेवटची ओळ लिहावी की नाही, यावर आईचं आणि माझं थोडं वाजलं. आजीला फोन केला. ती म्हणाली, “लिव. झाला ता झाला.”

तुमच्या घरात असं भांडं असेल तर पहिलं काम हेच करा. ज्यांना ते आठवतं त्यांना आत्ताच विचारा आणि एका कागदावर लिहून भांड्यात ठेवा. शिक्का काय तो नंतरही वाचता येईल.